‘रायगडला ऑरेंज अलर्ट’ म्हणजे पेणला किती पाऊस? शाळकरी मुलांसाठी हवामानशास्त्राची सोपी ओळख

जुलै महिना. रात्री नऊच्या सुमारास शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो, “उद्या रायगडला रेड अलर्ट, शाळांना सुट्टी.” सकाळी उठून बघावं तर पेणमध्ये चक्क ऊन! मग घरात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “हवामान खात्याचं काही खरं नसतं.” तेवढ्यात रोह्याहून मावसभावाचा फोन येतो. त्यांच्याकडे पाऊस रात्रभर थांबलेलाच नाही आणि कुंडलिका दुथडी भरून वाहतेय.

मग चुकलं कोण? बऱ्याचदा कोणीच नाही. अलर्ट पूर्ण जिल्ह्यासाठी होता आणि आपण तो आपल्या गल्लीसाठी वाचला. ही चूक साधी वाटते, पण महागात पडू शकते. तीन वेळा “अंदाज चुकला” असं वाटलं की चौथ्या वेळी कोणी घरातलं सामान वर उचलत नाही, कोणी डोंगराखालचं घर सोडत नाही.

म्हणून या लेखात आपण पेण आणि रोह्याचं उदाहरण घेऊन पाऊस कसा पडतो, तो कसा मोजतात, अंदाज कसा तयार होतो आणि अलर्ट कसा वाचायचा हे बघू. सातवी-आठवीचं विज्ञान आणि भूगोल येत असेल तर पुरेसं आहे.

हवा आणि हवामान यांत फरक काय?

आपण बोलताना दोन्हीला हवामानच म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकात मात्र फरक केलेला असतो. “आज पेणला ढगाळ आहे, वारा पडलाय” ही झाली हवा, म्हणजे ठराविक वेळेची आणि ठिकाणाची स्थिती. “कोकण उष्ण आणि दमट आहे” हे झालं हवामान, म्हणजे अनेक वर्षांची सरासरी. ही सरासरी काढायला साधारण ३० वर्षांच्या नोंदी वापरतात.

हवेची पाच मुख्य अंगं लक्षात ठेवा:

- तापमान: तापमापीने मोजतात, अंश सेल्सिअसमध्ये.
- वायुदाब: वायुदाबमापकाने, हेक्टोपास्कल किंवा मिलिबारमध्ये. समुद्रसपाटीला तो सरासरी १०१३ असतो.
- वारा: दिशा वातकुक्कुटाने, वेग वायुवेगमापकाने. नैऋत्येचा वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा वारा.
- आर्द्रता: हवेतली वाफ.
- पर्जन्य: पर्जन्यमापकाने, मिलिमीटरमध्ये.

पाऊस पडतोच कसा?

सुरुवात पेणच्या गणपती कारखान्यापासून करू. पेण, हमरापूर, जोहे या भागातल्या मूर्तिकारांना विचारा. कडक उन्हाळ्यात मातीची मूर्ती भराभर वाळते आणि जुलैत तीच मूर्ती दिवसेंदिवस ओली राहते. कारण जुलैतल्या हवेत आधीच इतकी वाफ असते की आणखी वाफेला जागा उरत नाही.

हवेत किती वाफ मावते हे तापमानावर ठरतं. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त वाफ अशी मावते:

- १० अंशाला सुमारे ९ ग्रॅम
- २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम
- ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम

जेवढी मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ सध्या आहे, तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. मोबाईलच्या अ‍ॅपवर ‘आर्द्रता ८० टक्के’ लिहिलेलं असतं ते हेच.

आता गणित करा. हवा ३० अंशाची, आर्द्रता ८० टक्के. म्हणजे घनमीटरमागे साधारण २४ ग्रॅम वाफ. हीच हवा २० अंशापर्यंत थंड केली तर १७ ग्रॅमच मावणार. उरलेली ७ ग्रॅम वाफ कुठे जाणार? तिचं पाणी होणार. यालाच सांद्रीभवन म्हणतात. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तेव्हा हेच होत असतं.

पण आकाशात हवा थंड कोण करतं? त्यासाठी सायकलचा पंप आठवा. हवा भरताना पंप गरम होतो, कारण दाबली की हवा तापते. याच्या उलट, पसरली की हवा थंड होते. जमिनीपासून वर जावं तसा वायुदाब कमी होतो, त्यामुळे वर चढणारी हवा पसरते आणि थंड होते. ढग तयार होण्याआधी हा दर किलोमीटरला जवळपास १० अंश असतो. वरच्या उदाहरणातली दमट हवा फक्त ५०० मीटरच्या आसपास चढली की तिची वाफ सुटायला लागते. म्हणून पावसाळ्यात आपल्याकडे ढग डोंगराला टेकलेले दिसतात.

आणखी एक गंमत आहे. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेमुळे ढगातली हवा आणखी वर चढते. मोठा ढग स्वतःचं इंधन असं स्वतःच तयार करत जातो.

सह्याद्री नसता तर?

जमीन उन्हाळ्यात समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावर कमी दाब तयार होतो आणि अरबी समुद्रावरून दमट नैऋत्य वारे आत येतात. मोसमी पाऊस केरळात साधारण १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे आपला नंबर लागतो.

हे वारे कोकणपट्टी ओलांडतात आणि समोर सह्याद्रीची भिंत येते. आडवं जायला वाट नाही म्हणून हवा वर चढते, थंड होते आणि बरसते. याला प्रतिरोध पाऊस म्हणतात. घाट ओलांडून हवा पलीकडे उतरते तेव्हा ती पुन्हा तापते, वाफही बरीच संपलेली असते. तो भाग पर्जन्यछायेत येतो.

आकडे बघितले की फरक लगेच कळेल. किनाऱ्यावरच्या अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, डोंगरावरच्या माथेरानला पाच हजारांच्या आसपास आणि पलीकडच्या पुण्यात साधारण सातशे. अलिबाग ते पुणे सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात इतका फरक!

पेण आणि रोहा दोन्ही किनारा आणि सह्याद्रीच्या मध्ये आहेत, पण दोघांमध्येही सरळ रेषेत ३३ किलोमीटर अंतर आहे. एक जोरदार ढग तेवढ्या पट्ट्यात सगळीकडे सारखा बरसत नाही. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मुंबईचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच काळात वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७५ मिमीपेक्षाही कमी.

पुस्तकातले पावसाचे आणखी दोन प्रकारही आपल्याकडे दिसतात. मे महिन्यात दुपारी तापून वर गेलेल्या हवेतून विजांसह पडतो तो आरोह पाऊस. चक्रीवादळाबरोबर येतो तो आवर्त पाऊस. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्याच किनाऱ्यावर धडकलं होतं, ताशी १०० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचे वारे घेऊन.

‘१०० मिलिमीटर’ म्हणजे नक्की किती पाणी?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एवढं सूत्र पाठ करा, बाकी सगळं गणित जमतं.

- घराचं छप्पर १० मीटर गुणिले ८ मीटर असेल, तर १०० मिमी पावसात त्यावर ८,००० लिटर पाणी पडतं.
- एक चौरस किलोमीटर डोंगरावर १०० मिमी पडला तर ते होतात १० कोटी लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर.

नदी ‘अचानक’ वाढली असं आपण म्हणतो, पण हे गणित केलं की त्यात अचानक काही वाटत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा असतो. म्हणून मंगळवारी रात्री पडलेला पाऊस बुधवारी सकाळच्या आकड्यात दिसतो.

अलर्ट कसा वाचायचा?

भारतीय हवामानशास्त्र विभाग २४ तासांच्या पावसाची वर्गवारी अशी करतो:

- मुसळधार: ६४.५ ते ११५.५ मिमी
- अति मुसळधार: ११५.६ ते २०४.४ मिमी
- अत्यंत मुसळधार: २०४.५ मिमी किंवा जास्त

(पीकनुकसानीच्या बातम्यांत ‘अतिवृष्टी’ हा शब्द येतो. महसूल खातं तो २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पावसासाठी वापरतं. म्हणजे दोन बातम्यांतला एकच शब्द वेगळा अर्थ सांगू शकतो.)

रंगांचा अर्थ असा:

- हिरवा: कोणताही इशारा नाही.
- पिवळा: लक्ष ठेवा.
- ऑरेंज: तयार राहा.
- लाल: कृती करा.

रंग फक्त मिलिमीटर बघून ठरत नाही. पाऊस किती, त्याची शक्यता किती आणि त्याने नुकसान किती होऊ शकतं, या तिन्हींचा विचार करून तो ठरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. मूळ अंदाजात पावसाच्या आधी एक छोटा शब्द असतो. फॉरवर्ड होता होता नेमका तोच गळून जातो.

- तुरळक ठिकाणी: जिल्ह्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर
- काही ठिकाणी: २६ ते ५० टक्के
- बऱ्याच ठिकाणी: ५१ ते ७५ टक्के
- बहुतांश ठिकाणी: ७६ टक्क्यांपासून पुढे

म्हणजे “रायगड जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अति मुसळधार पाऊस” याचा अर्थ काय? जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर ११५ मिमीच्या वर पाऊस होऊ शकतो. उरलेल्या ठिकाणी कमीच पडेल. ती पाव केंद्रं पेणकडची असतील की रोह्याकडची की महाडकडची, हे अलर्ट सांगत नाही. पेणला ऊन पडलं म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. आणि रोह्याला पूर आला तर “पेणला काही नाही” याचा रोह्याला उपयोग नाही.

अंदाज कॉम्प्युटर कसा काढतो?

हा माझ्या आवडीचा विषय, म्हणून थोडं सविस्तर. कॉम्प्युटर वातावरणाचे छोटे छोटे चौकोनी डबे पाडतो. प्रत्येक डब्यात आत्ताचं तापमान, दाब, वारा आणि आर्द्रता भरतो. ही माहिती जमिनीवरची केंद्रं, फुगे, जहाजं, विमानं, रडार आणि इन्सॅटसारख्या उपग्रहांकडून येते. मग भौतिकशास्त्राची समीकरणं वापरून काही मिनिटांनंतर प्रत्येक डब्यात काय असेल ते काढतो. ते उत्तर घेऊन पुढची काही मिनिटं. असं करत करत पुढचे कित्येक दिवस.

फोटोचं उदाहरण घ्या. पिक्सेल मोठे असतील तर चेहरा धूसर दिसतो. हवामानाच्या मॉडेलमध्ये हा डबाच पिक्सेल असतो. मे २०२५ मध्ये सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने विकसित केली आहे. तिचा डबा ६ किलोमीटरचा आहे. आधी तो १२ किलोमीटरचा होता. म्हणजे पेण आणि रोह्याच्या मध्ये आधी जेमतेम तीन डबे बसायचे, आता पाच-सहा बसतात. हे गणित पुण्याच्या ‘अर्का’ महासंगणकावर चालतं.

मग अंदाज का चुकतो? दोन कारणं. एक म्हणजे जोरदार पावसाचा ढग कधीकधी एका डब्यापेक्षाही लहान असतो. दुसरं म्हणजे सुरुवातीच्या मोजमापात थोडी जरी चूक असली तरी ती पुढे वाढत जाते. म्हणून उद्याचा अंदाज दहाव्या दिवसाच्या अंदाजापेक्षा जास्त भरवशाचा. आणि पुढच्या दोन-तीन तासांसाठी मॉडेलपेक्षा रडार बघणं चांगलं. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे डॉप्लर रडार आहेत, त्यांची चित्रं हवामान खात्याच्या वेबसाइटवर कोणालाही दिसतात.

आपल्याकडे पाऊस थांबला, तरी पाणी का वाढतं?

कारण नदीला तुमच्या अंगणातला पाऊस माहीत नसतो. तिला तिच्या पूर्ण पाणलोटातला पाऊस माहीत असतो. कुंडलिका सह्याद्रीकडून येते, रोह्यावरून जाते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. वर घाटात पडलेलं पाणी रोह्याला पोहोचायला वेळ लागतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं. हीच अंबा पुढे रोहा तालुक्यातल्या नागोठण्यावरून धरमतर खाडीला जाते.

दुसरी गोष्ट भरती. दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या वेळी खाडीचं पाणी वर चढलेलं असतं आणि नदीच्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मोरीत बोळा बसल्यासारखं होतं. पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको.

म्हणून अलर्टच्या रात्री तीन गोष्टी एकत्र बघा: इशाऱ्याचा रंग, वरच्या भागातला पाऊस आणि भरतीची वेळ.

आणि डोंगराखाली राहत असाल तर?

मग एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सलग दिवसांची बेरीज महत्त्वाची. माती स्पंजसारखी असते. ती भरत गेली की जड होते आणि आतल्या पाण्याच्या दाबाने तिची पकड सुटते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. त्याआधीच्या तीन दिवसांत तिथे सुमारे ५०० मिमी पाऊस झाला होता. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ताच राहिले.

जमिनीला किंवा भिंतीला नवीन भेगा, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ होणं, नवीन झरे फुटणं, डोंगरातून विचित्र आवाज, यातलं काहीही दिसलं तर रंग कोणता आहे हे बघत बसू नका. घरच्यांना उठवा, बाहेर पडा आणि ११२ किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या नंबरवर कळवा.

घरी पर्जन्यमापक बनवा

खर्च जवळपास शून्य.

१. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या. मान जिथे सुरू होते तिथे मोठ्या माणसाकडून कापून घ्या.
२. कापलेला भाग उलटा करून वर नरसाळ्यासारखा बसवा. त्यामुळे पाणी उडून जात नाही. वरचं तोंड आणि बाटली एकाच रुंदीची असली पाहिजे.
३. बाटलीचा तळ सपाट नसतो. म्हणून तळाशी थोडे खडे टाका आणि सरळ भिंत सुरू होईपर्यंत पाणी भरा. तिथे शून्याची खूण करा.
४. बाहेरून मिलिमीटरची पट्टी चिकटवा.
५. मोकळ्या जागी, विटांच्या आधाराने उभी ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब.
६. रोज सकाळी ८:३० ला आकडा लिहा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा. पाऊस जोराचा असेल तर मध्येच मोजून, पाणी कमी करून, शेवटी बेरीज करा.

मी पहिल्यांदा बनवला तेव्हा तो पागोळ्यांखाली ठेवला होता. एका रात्रीत बाटली काठोकाठ भरली आणि मी विक्रम झाला म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो! ते पाणी अर्ध्या छपराचं होतं.

बाटली रुंद असो वा अरुंद, आकडा तोच येतो, कारण रुंद बाटलीत पाणी जास्त पडतं पण पसरतंही जास्त.

वहीत पाच रकाने करा: तारीख, आजचा आकडा, मागच्या तीन दिवसांची बेरीज, आदल्या रात्रीचा इशारा (‘तुरळक’, ‘काही’ हा शब्दही लिहा) आणि नदी किंवा ओढ्याची स्थिती. पेण आणि रोह्याच्या दोन मित्रांनी एकाच स्प्रेडशीटमध्ये भरलं तर अजून मजा. जून ते सप्टेंबर नोंदी ठेवल्यात तर विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प तयार.

नेहमीचे प्रश्न

पावसाची शक्यता ७० टक्के म्हणजे दिवसाचा ७० टक्के वेळ पाऊस?
नाही. अशी परिस्थिती दहा वेळा आली तर साधारण सात वेळा पाऊस पडेल, असा अर्थ.

ढगफुटी म्हणजे कोणताही मोठा पाऊस का?
नाही. लहानशा भागात एका तासात साधारण १०० मिमी किंवा जास्त पाऊस झाला तरच तिला ढगफुटी म्हणतात.

वीज किती लांब पडली हे कसं ओळखायचं?
चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा. उत्तर किलोमीटरमध्ये. पण गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज धोक्याच्या अंतरात आहे, त्यामुळे मोजणं घरात बसूनच. झाडाखाली थांबू नका.

अधिकृत इशारा कुठे बघायचा?
हवामान खात्याची वेबसाइट किंवा ‘मौसम’ अ‍ॅप. विजांसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप. फॉरवर्ड आलेल्या मेसेजवर तारीख नसेल तर तो मागच्या वर्षीचाही असू शकतो.

पुढच्या वेळी ग्रुपवर अलर्ट आला की आधी मूळ इशारा उघडा. ‘तुरळक’ आहे की ‘बहुतांश’ ते बघा, उद्याची भरती किती वाजता ते बघा, वहीतली तीन दिवसांची बेरीज बघा. आणि सकाळी पेणला ऊन पडलं तर हवामान खात्याला नावं ठेवण्याआधी रोह्याला एक फोन करा.